नागपूरच्या जुम्मा टँकजवळ राहायला येताय? आधी तळघरात उतरा

ब्रोकर तुम्हाला आधी बाल्कनीत नेईल. तेही संध्याकाळी साडेपाचला, कारण तेव्हा ऊन तलावावर तिरपं पडतं आणि पाणी गढूळ आहे की हिरवं हे कळत नाही. "लेक व्ह्यू आहे साहेब, सीताबर्डीपासून दहा मिनिटं." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी बाल्कनी ही शेवटी पाहायची वस्तू आहे, हे मी अकरा महिन्यांचं भाडं भरून शिकलो. फेब्रुवारीत पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं. भिंती कोरड्या, रंग नवा, हवा गार. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडलं, तर माझ्या बुटांवर हिरवी मखमल उगवलेली आणि बायकोच्या शालूला तळघराचा वास. घरमालकाला फोन केला तर म्हणाले, "पावसात होतेच थोडं, खिडकी उघडी ठेवत जा."

करार संपल्यावर याच भागात, पण वरच्या मजल्यावर आणि डोळे उघडे ठेवून घर घेतलं. आता ऑफिसातलं कुणी "एम्प्रेसच्या तिकडे बघतोय", म्हणजे तलावाजवळच्या जुन्या एम्प्रेस मिलच्या जागेकडे, म्हणालं की मी त्याला खालच्या क्रमानंच जायला सांगतो.

पहिलं काम: जमिनीची कुंडली काढा

गांधीसागर, शुक्रवारी तलाव आणि जुम्मा टँक हे एकच पाणी. जुम्मा म्हणजे शुक्रवारच, त्यामुळे दोन नावांत तर नुसता भाषेचा फरक. अठराव्या शतकात गोंड राजा चांद सुलतान यानं शहराला तट बांधला, दरवाजे बांधले आणि हा तलाव बांधून घेतला. महालच्या तोंडाशी असलेला जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. म्हणजे तलाव आधीचा, मिल नंतरची, आणि तुमचा टॉवर परवाचा.

मिलची गोष्ट घर घेणाऱ्याला ठाऊक असायलाच हवी, इतिहासाची हौस असो वा नसो. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. कापूस इथलाच, कोळसा वरोऱ्याकडून मिळण्यासारखा, म्हणून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढायचं ठरवलं. जागा मिळाली ती या तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढण्यातच पैसा जाऊ लागला. तेव्हा एका मारवाडी सावकारानं कर्ज नाकारलं, कारण हा माणूस खड्ड्यात सोनं पुरतोय असं त्याचं मत. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली आणि तिचं नाव पडलं एम्प्रेस. मॅनेजर होते बेझनजी मेहता, मूळचे रेल्वेतले. आज मिलच्या जागी असलेल्या मॉलसमोरून जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा. उत्तर नागपुरातलं बेझनबागही त्यांचंच नाव लावतं.

टाटांची ही पहिली मोठी गिरणी शंभराहून जास्त वर्षं चालली. १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. त्यानंतर त्या जमिनीवर मॉल आला, टॉवर आले. पलीकडच्या मॉडेल मिलचंही असंच, मिल गेली पण मॉडेल मिल चौक राहिला.

आता यातला तुमच्या कामाचा शब्द कोणता? दलदल. दीडशे वर्षांपूर्वी भराव टाकून उंच केलेली जमीन म्हणून पाणी तिथून निघून जात नाही, फक्त दिसेनासं होतं. पुढची सगळी कामं याच एका शब्दावर बेतलेली आहेत.

दुसरं काम: तळघरात उतरा आणि चौकीदाराशी बोला

फ्लॅट स्कीम कितीही चकचकीत असो, आधी जिन्यानं खाली जा. लिफ्टनं नको. तळघरात किंवा खालच्या पार्किंगमध्ये तीन गोष्टी पाहायच्या.

भिंतीला जमिनीपासून किती उंचीपर्यंत पोपडे आलेत? गुडघ्याएवढे असतील तर चालतं, दुरुस्ती होते. कमरेच्या वर पांढरं मीठ फुटलेलं दिसलं तर ओल कायमची आहे. नुकताच रंग मारला असेल तर बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज आला की आत पोपडा तयार होतोय.

लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का? हे विचारायला लोकांना संकोच वाटतो. विचारा. लिफ्टची देखभाल करणारा माणूस दर महिन्याला येतो, त्याच्याकडे नोंदवही असते.

आणि पंप. मी आता जिथे राहतो त्या इमारतीत उतरलो तेव्हा कोपऱ्यात एक लोखंडी झाकण होतं, खालून घरघर येत होती. चौकीदार स्टुलावर बसून डबा खात होता. मी विचारलं, "पंप रोज चालते का भाऊ?"

"हाव जी. उन्हाळ्यात दिवसातून एकदा. पावसात मंग रातभर."

"लाइन गेली तर?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडता मोडता बोटानं भिंतीवरची एक रेघ दाखवली. काळसर, सरळ, माझ्या घोट्याच्या थोडी वर. "मागच्या खेपेस इथवर. दोन तास लाइन गेली होती. जनरेटरवर पंप लावला मंग."

या एका रेघेनं मला सेल्स ऑफिसातल्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा जास्त सांगितलं. पाणी येतं, पंप आहे, पंपाला जनरेटर आहे, आणि रेघ घोट्याच्या फारशी वर गेलेली नाही. मी घर घेतलं. त्याआधी दुसऱ्या एका स्कीममध्ये माहिती विचारली तेव्हा "सर, बेसमेंटमध्ये वॉटरचा काही इश्यू नाही" असं उत्तर मिळालं होतं. पाण्याचा प्रश्नच नाही असं या भागात जो म्हणतो, तो एकतर नवा आहे किंवा विकायला बसलाय.

तिसरं काम: जोरदार पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी या

घर उन्हाळ्यात बघितलं असेल तर व्यवहार जुलैपर्यंत लांबवता येतो का बघा. नसेल जमत तर निदान पावसाच्या खुणा शोधा.

पहिली खूण रस्त्याची. नागपुरात सिमेंट रस्ते झाले तेव्हा जुन्या डांबराच्या वर थर चढला आणि कित्येक ठिकाणी रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला. जुन्या पेठांतली घरं आणि लहान इमारती यांना हा त्रास जास्त. फाटकासमोर उभं राहून बघा, आत जाताना उतार लागतो की चढ. उतार असेल तर रस्त्यावरचं पाणी तुमच्याकडे पाहुणं येणार. लोकांनी फाटकापाशी विटांचा उंबरा घातला असेल तर समजून जा.

दुसरी खूण नाल्याची आणि नदीची. नाग नदी अंबाझरीकडून येते आणि शहराच्या मधून पूर्वेला वाहते. एरवी तिला लोक नालाच म्हणतात, नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ती नदी आहे हे सगळ्यांना आठवलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या चांगल्या वस्त्यांत तळमजले बुडाले, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. तुम्ही पाहता ते घर नाग नदीच्या बाजूला उतारावर असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला साधारणपणे परवानगी नसते. मला विचाराल तर लाल रेषेच्या आतही तळमजला घेऊ नका.

तिसरी खूण लोहापूल, म्हणजे रेल्वेचा पूल. पाऊस पडला की त्याच्याखाली पाणी साचतं हे नागपूरकराला पाठ आहे, तुम्हालाही होईल. सीताबर्डीकडे जाण्याचा दुसरा रस्ता आत्ताच पायाखाली घालून ठेवा.

चौथं काम: कागद

इथे सावकाश वाचा. बाहेरून आलेले लोक आणि नागपुरातल्याच लेआउटमधून आलेले लोक, दोघेही इथे चुकतात.

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर अशा भागांत प्लॉट घेणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आरएल आहे का?" म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र. तिकडे तोच प्रश्न बरोबर. पण तलावाच्या भोवतीच्या जुन्या पेठांमध्ये, महाल, शुक्रवारी, गणेशपेठ, बजेरियात, विचारायचा कागद वेगळा. तो म्हणजे आखिव पत्रिका. पुण्या-मुंबईचे लोक ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तेच हे, पण इथल्या नगर भूमापन कार्यालयात आणि वकिलाकडे तुम्ही आखिव पत्रिका म्हणालात तर काम पटकन होतं. त्यावर शीट नंबर, नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ आणि धारकाचं नाव असतं. सगळ्यात आधी मात्र धारणाधिकार वाचा.

तिथे नझूल किंवा भाडेपट्टा असा उल्लेख आला तर घाबरू नका, पण थांबा. जुन्या नागपुरातली पुष्कळ जमीन नझूलची, म्हणजे सरकारची. वर राहणारा माणूस पट्टेदार. पट्टा कधी संपतो, नूतनीकरण झालंय का, शर्तभंगाची नोटीस आहे का, विक्रीला परवानगी घेतलीय का, हे चार प्रश्न वकिलाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. निवासी नझूल जमीन फ्रीहोल्ड करून देण्याची योजना राज्य सरकारनं विदर्भासाठी आणलेली आहे. घरमालक "होऊन जाईल फ्रीहोल्ड" म्हणत असेल तर होऊ द्या, मग या. "होऊन जाईल" या शब्दांवर बयाणा देऊ नका.

मोठ्या टॉवरमध्ये घर घेताना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक आधी. १ मे २०१७ पर्यंत ज्या प्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं, त्याला नोंदणी लागतेच. जुन्या क्रमांकांत पी अक्षरानंतर ५०५ आकडे आले की तो नागपूर जिल्ह्यातला प्रकल्प. महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका आणि जाहिरातीतली नाही, तिथली पूर्ण होण्याची तारीख वाचा. ती किती वेळा पुढे ढकललीय तेही दिसतं. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच बोला. उघडी पार्किंग विकता येत नाही, तिच्यासाठी वेगळे पैसे मागितले तर शांतपणे कायदा सांगा.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहा. "पार्ट ओसी आहे" म्हणाले तर तुमचा मजला त्या पार्टमध्ये आहे का ते बघा. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण माझ्या ओळखीतलं एक कुटुंब सातव्या मजल्यावर राहायला गेलं आणि ओसी पाचव्यापर्यंतचीच निघाली. बिल आलं की भांडण, पाण्याचं कनेक्शन मागितलं की भांडण.

अजून एक. नागपुरातल्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ॲक्टखालच्या असतात. तुमच्या हातात शेअर सर्टिफिकेट नाही, डीड येतं. जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती टक्के, ते त्यात लिहिलेलं असतं. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर हाच आकडा बोलेल. पुनर्विकास सुरू असलेल्या भागात राहायला येताय, तेव्हा हा आकडा आत्ताच पाठ करा.

रजिस्ट्री घरातल्या बाईच्या नावावर लावली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बायकोला हे सांगताना "सवलतीसाठी" असं म्हणू नका.

भाड्यानं येणाऱ्यांचं काम सोपं. अकरा महिन्यांचा करार नोंदवूनच घ्या, ऑनलाइन होतो, आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचं काम घरमालकावर ढकलून मोकळे होऊ नका, पोच मागून घ्या. भिंतींचे फोटो ताबा घेतल्याच दिवशी काढा. माझे नव्हते, म्हणून अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले गेले, ओल त्यांची आणि खर्च माझा.

पाचवं काम: चार वेळा या, चार वेगवेगळ्या वेळी

पहाटे चारला कॉटन मार्केटच्या बाजूनं या. महात्मा फुले बाजारात भाजीच्या गाड्या उतरत असतात. हॉर्न, हमालांच्या आरोळ्या, कोबीच्या पानांचा चिखल. त्या रस्त्यावरच्या घराला हा आवाज रोजचा. त्या बदल्यात सकाळी सहाला पिशवी घेऊन गेलात तर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, अशा भावानं मिळते की सांबारवडी दर रविवारी परवडते.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी तलावाच्या पाळीवर या. पाणी खाली गेलं की काई साचते, वास सुटतो, एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. तलावाच्या सफाईची, गाळ काढण्याची कामं होतात, थांबतात, पुन्हा होतात. त्या कामाच्या भरवशावर घराची किंमत ठरवू नका. तलाव आज दिसतो तसाच राहील असं समजून भाव करा, सुधारला तर तुमचा फायदा.

भर दुपारी या, तेही नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा पश्चिमेची भिंत किती तापते हे हात लावून बघण्यासारखी गोष्ट आहे. आणि टॉवरवाल्यांना एक खास प्रश्न विचारा, कूलर कुठे लावायचा? नव्या इमारतींत बाहेरचा चेहरामोहरा बिघडतो म्हणून खिडकीला कूलर टांगू देत नाहीत. ज्यानं हे विचारलं नाही तो एप्रिलमध्ये एसीच्या दुकानात उभा असतो. कूलरला परवानगी असेल तर स्टँड, पाण्याचा नळ आणि निचरा, तिन्ही बघा. मृगाचा पाऊस पडला की कूलर निरुपयोगी होतो आणि त्याच्या टाकीत डासांची शाळा भरते. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची, हा नियम या भागात दुप्पट कडक समजा, कारण डासांना तलाव शेजारीच आहे. ताबा मिळाल्याबरोबर पहिला खर्च पडद्यांचा नको, मच्छरजाळीचा करा.

चौथी वेळ रात्री नऊची. सायन्स सेंटरच्या बाजूला खाऊ गल्ली फुललेली असते, मुलं, आइस्क्रीम, गाड्या कशाही लावलेल्या. रमण सायन्स सेंटर १९९२ पासून इथे आहे, मुलं असतील तर तारांगणासाठी वर्षातून दोनदा जाणं होईलच. रात्री बघायचं ते एवढंच, की तुमच्या गल्लीत दिवे किती लागतात आणि दहानंतर रस्त्यावर कोण असतं.

पाळीवर लोखंडी जाळ्या का आहेत, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेल. दुखावलेली माणसं या पाण्याशी येऊन बसतात. कुणी एकटं बराच वेळ कठड्याशी बसलेलं दिसलं तर जवळ जाऊन दोन शब्द बोला, पाणी विचारा, गरज वाटली तर ११२ ला फोन करा. इथले जुने लोक हे सहज करतात.

सहावं काम: पेठेशी ओळख

टॉवरमधून गाडी काढून थेट वर्धा रोडला लागणारे शेजारी माझ्या इमारतीत आहेत. पाच वर्षांत त्यांनी मागची गल्ली पाहिलेली नाही. त्यांची मर्जी. पण नळाला पाणी नाही, प्लंबर हवा, रात्री औषध हवं, तेव्हा त्यांना ॲप उघडावं लागतं आणि मला फक्त खाली उतरावं लागतं.

मागच्या गल्लीत एक काकाजी राहतात, ऐंशीच्या घरातले. एम्प्रेसच्या विणाई खात्यात होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून, मागांच्या खडखडाटानं कान गेलेत. गंमत अशी की मोबाइलवर ते स्वतः मात्र हळू बोलतात, कारण मिलमध्ये ओठ वाचायची सवय. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला मजला विचारला नाही. विचारलं, "तुमची बिल्डिंग मंजे नेमकी कोणत्या जागी? गोदामाच्या का खात्याच्या?" मला काय ठाऊक. मग त्यांनी काठीनं मातीत नकाशा काढला, इथे फाटक, इथे भोंगा, इथे आमची सायकल उभी राहायची, आणि माझ्या बेडरूमची जागा सांगितली. मी जिथे झोपतो तिथे कापसाच्या गाठी असायच्या, म्हणाले. खरं-खोटं तपासायचा काही मार्ग नाही. मी मात्र त्या दिवसापासून गादीवर जास्त आरामात झोपतो.

या पेठांचा कापडाशी संबंध मिलच्याही आधीचा. हलबा कोष्टी विणकरांची ही वस्ती, आणि ज्याला सगळं नागपूर सावजी म्हणून डोक्यावर घेतं ते त्यांच्याच घरातलं जेवण. नव्यांनी एक लक्षात ठेवा, "मीडियम तिखट" असा प्रकार सावजीत नसतो. पहिल्या वेळी रस्सा कमी घ्या, पोळी जास्त घ्या. सकाळी तर्री पोहे खाताना तर्री वेगळ्या वाटीत मागितली तर कुणी हसत नाही. फारसं हसत नाही.

पंचांगही पेठेचं ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे इडा-पीडा घालवणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारी-महालच्या बाजूला त्या दिवशी चारचाकी काढायचीच नाही, ऑफिसला आधीच सांगून ठेवा. सरळ मुलांना खांद्यावर घेऊन "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडायला जा. बडग्यांवर, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांवर, कुणाकुणाची नावं लिहिलीत ते वाचताना वर्षाचं राजकारण समजतं. गणपतीत आता तलावात विसर्जन करू देत नाहीत, मनपा बाजूला कृत्रिम टाकी ठेवते. जुन्या लोकांना ते अजून पटलेलं नाही. मला पटलंय, पण मी पाळीवर उभा राहून हे बोलत नाही.

सातवं काम: रोजचं

हे भराभर. रेल्वे स्टेशन जवळ, गणेशपेठचं एसटी स्टँड त्याहून जवळ, दिवाळीत नातेवाईक वाढतात ते यामुळेच. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवरचं कॉटन मार्केट स्टेशन पायी गाठता येतं, तिथून एकच स्टेशन गेलं की सीताबर्डी आणि तिथे ऑरेंज लाइन. तब्येतीसाठी मेयो आणि मेडिकल ही दोन्ही सरकारी रुग्णालयं आवाक्यात, बाळंतपणासाठी डागा. पाणी पेंच-कन्हानचं, नळाचं चांगलं असतं. बोअरचं पाणी एकदा भांड्यात उकळून बघा, तळाला किती पांढरं बसतं त्यावरून गीझरचं आयुष्य कळतं. वीज आता महावितरणची. घरटॅक्स आणि पाण्याचं बिल स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी मनपाच्या १० झोनपैकी तुमचा कोणता ते आधीच्या पावतीवर बघा. तलावाच्या दोन बाजूंना राहणारे एकाच झोनमध्ये असतील असं धरून चालू नका, मी चुकीच्या खिडकीवर अर्धा दिवस घालवलाय.

शेवटचं काम: पत्ता सांगायला शिका

सामान आलं, जाळी बसली, कूलर लागला. आता पाहुण्यांना पत्ता द्यायचाय. टॉवरचं इंग्रजी नाव, विंग, फ्लॅट नंबर हे सगळं पार्सलवाल्यासाठी. ऑटोवाल्याला ते सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत राहतो. मी पहिल्या आठवड्यात स्टेशनवरून येताना इमारतीचं पूर्ण नाव दोनदा सांगितलं, मोबाइलवरचा नकाशाही दाखवला. त्यानं नकाशा बाजूला सारला.

"जुम्मा टँक म्हना ना जी. मिलच्या कोनत्या गेटवर सोडू?"

मिल बंद होऊन तेव्हाही कितीतरी वर्षं झाली होती. मी काकाजींचा मातीतला नकाशा आठवला आणि म्हणालो, "गोदामाच्या." त्यानं मीटर टाकला आणि बरोबर माझ्या दारात आणून सोडलं.